जबाबदारी, उत्तरदायित्व आणि जाब

विट्याच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. नववीच्या वक्तृत्वाला विषय दिलाय, 'युद्धात सैन्याकडून होणारे नागरिकांचे मृत्यू आणि उत्तरदायित्व'. 'उत्तरदायित्व' मुलांच्या तोंडात बसत नाही. त्याजागी 'जबाबदारी' घातले तर अर्थ तोच राहील का? आणि इथे 'नागरिक' बरोबर आहे का?

तोच राहणार नाही. 'जबाबदारी' मराठीत घटनेच्या आधीही चालते आणि नंतरही. 'पहाऱ्याची जबाबदारी हवालदाराकडे होती' यात नेमून दिलेले काम आहे. 'झाल्या प्रकाराची जबाबदारी हवालदारावर आहे' यात त्या कामाचा हिशेब आहे. 'कडे'चे 'वर' झाले की अर्थ फिरतो, आणि सामासिक मथळ्यात हे प्रत्यय गळून पडतात. त्यात बातम्यांनी तिसराच वापर रूढ केला: 'हल्ल्याची जबाबदारी अमुक संघटनेने स्वीकारली.' इथे स्वीकारणारा मान खाली घालत नाही, फुशारकी मारतो. मग एखाद्या सरकारने 'जबाबदारी स्वीकारली' असे छापून आले, तर त्याने चूक कबूल केली, पैसे दिले की कुणाला घरी बसवले, काहीच कळत नाही.

'उत्तरदायित्व' त्या मानाने नेमका आहे. ताळेबंदात 'मालमत्ता आणि दायित्वे' असतात. त्यातले दायित्व म्हणजे देणे. इथे देणे आहे ते उत्तराचे. शब्दाचा दोष एवढाच की तो परिपत्रकातून उठून आल्यासारखा वाटतो आणि त्यात माणूस दिसत नाही.

मुलांसाठी मी 'जाब' सुचवीन. अरबी 'जवाब' फारसीतून आला, मराठीत 'जबाब' झाला आणि बोलण्यात घासून 'जाब' उरला. पुढे दोघांची घरे वेगळी झाली. जबाब पोलीस ठाण्यात नोंदवतात, साक्षीदाराचाही नोंदवतात. जाब मात्र ज्याच्याकडून काही चुकले त्यालाच विचारतात. जुन्या मराठी कागदांत 'जाबसाल' येतो, म्हणजे सवाल-जबाब. वाळव्याच्या ग्रामसभेत पाणीपट्टीवरून सरपंचाला जाब विचारला जातो तेव्हा विचारणारा, देणारा आणि 'कशाचा' हे तिन्ही समोर असतात. यातले एक जरी गाळले तरी वाक्य लंगडे पडते. युद्धातल्या मृत्यूंबाबत नेमकी हीच अडचण असते: तिघांपैकी एक जण गायब असतो.

सैन्याला रयतेबद्दल जाब विचारण्याची भाषा मराठीला नवी नाही. चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना गेलेल्या शिवाजी महाराजांच्या पत्रात, दाणावैरण बेबंद उधळली तर कुणब्यांवर काय ओढवेल हे सांगून ताकीद आहे: 'रयतेची व घोडियांची सारी बदनामी तुम्हावरी येईल.' 'तुम्हावरी' पाहा. पत्र कुणाला आहे आणि बोट कुणाकडे आहे, याबद्दल शंका राहत नाही.

आता क्रियापदे, कारण खरी पळवाट तिथे असते. 'ठार केले' म्हटले की 'कुणी?' हा प्रश्न येतोच. 'ठार झाले' म्हटले की येत नाही. 'बळी गेले' तर आणखी गुळगुळीत, जणू पूर आला होता. 'कामी आले' फक्त लढणाऱ्यांसाठी: साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, असे म्हणता येते. खाटेवरचा रुग्ण कामी येत नाही. आपली म्हणसुद्धा पाहण्यासारखी आहे: सुक्याबरोबर ओलेही जळते. जळते, कुणी जाळत नाही!

लष्करी इंग्रजीतले 'कोलॅटरल डॅमेज' हेच काम करते. सांगलीच्या मार्केट यार्डात कोलॅटरल म्हणजे तारण, गोदामातली हळद ठेवून काढलेल्या कर्जाचे. लष्कराच्या तोंडी त्याचा अर्थ 'लक्ष्याच्या आजूबाजूला झालेले नुकसान'. ३ ऑक्टोबर २०१५ ला अफगाणिस्तानात कुंदुझ इथे 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या वैद्यकीय मदत संस्थेच्या रुग्णालयावर अमेरिकी एसी-१३० विमानाने मारा केला आणि ४२ माणसे गेली. रुग्णालयाचे अक्षांश-रेखांश आधीच कळवलेले होते. पहिल्या लष्करी निवेदनाचा आशय असा: हल्ल्यामुळे जवळच्या वैद्यकीय केंद्राचे कोलॅटरल डॅमेज झाले असावे. 'जवळच्या' हा शब्द खोटा ठरला, कारण मारा थेट त्याच इमारतीवर झाला होता; विमानाला मारा करायचा होता तो दुसऱ्याच इमारतीवर. चौकशीनंतर १६ जणांवर प्रशासकीय कारवाई झाली, फौजदारी खटला एकही नाही, कारण हेतू नव्हता म्हणून हा युद्धगुन्हा नाही असा निष्कर्ष निघाला. मराठीत 'दोषींना शिक्षा झाली' असे लिहिले तर ते चूक. 'खातेनिहाय कारवाई झाली' एवढेच खरे.

मृतांच्या घरच्यांना सुमारे ६,००० डॉलर आणि जखमींना ३,००० डॉलर दिले गेले. याला 'नुकसानभरपाई' म्हणू नका. भरपाई हक्काने मागता येते आणि ती देताना देणे मान्य झालेले असते. हे पैसे 'सानुग्रह'. २०१९ च्या महापुरानंतर कृष्णाकाठच्या घराघरात हा शब्द पोचला आहे, त्यामुळे मुलांना समजवावा लागणार नाही.

'नागरिक' चुकीचा नाही, पण गळका आहे. '५ सैनिक व १२ नागरिक ठार' यातले सैनिकही कुठल्यातरी देशाचे नागरिकच. पर्याय तपासले तर 'मुलकी' अर्थाने सर्वांत जवळ: लष्करी आणि मुलकी ही जोडी जुनी आहे. पण आपल्याकडे मुलकी म्हटले की महसूल खाते आणि मुलकी पाटील आठवतात. 'निःशस्त्र' फसवा आहे, कारण शस्त्र टाकून शरण आलेला सैनिक निःशस्त्र असतो, पण मुलकी नसतो. त्याला मारण्याची मनाई वेगळ्या कलमाने आहे. 'निरपराध' आणि 'निष्पाप' तर टाळाच. युद्धाचा कायदा संरक्षण देताना चारित्र्य पाहत नाही. गावचा चोरही, जोवर प्रत्यक्ष लढाईत भाग घेत नाही तोवर, संरक्षितच. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पुरवणी करारात तर शंका असेल तेव्हा माणूस मुलकीच समजावा असे आहे. (भारत १९४९ च्या मूळ करारांत आहे, या पुरवणीत नाही.) मथळ्यात 'सामान्य नागरिक' ठेवा आणि पहिल्याच परिच्छेदात 'म्हणजे सैन्यात नसलेले व लढाईत भाग न घेणारे' असे सांगून टाका.

'खून' हा शब्दही जपून. असा प्रत्येक मृत्यू गुन्हा नसतो, हे वक्तृत्वात हमखास विसरले जाते. लष्करी लक्ष्यावर हल्ला करताना मुलकी माणसे दगावणार हे दिसत असले, तरी अपेक्षित ठोस लष्करी लाभाच्या तुलनेत ती हानी बेसुमार असेल तेव्हाच तो हल्ला बेकायदा ठरतो. याला 'प्रमाणशीरता' म्हणा. 'समानुपातिकता' मुलांना म्हणता येणार नाही. जाणूनबुजून मारले तर युद्धगुन्हा. मधल्या पायऱ्यांना कायद्याच्या मराठीत 'सदोष मनुष्यवध' आणि 'निष्काळजीपणाने मृत्यू' असे तयार शब्द आहेत.

वरिष्ठाबद्दल मात्र मराठीत सुटसुटीत शब्द नाही. कल्पना अशी: हाताखालचे लोक गुन्हा करत आहेत हे त्याला ठाऊक होते किंवा ठाऊक असायला हवे होते, तरी त्याने रोखले नाही किंवा नंतर शिक्षा केली नाही, तर तोही दोषी. जपानी सेनापती यामाशिता याला १९४६ मध्ये याच तत्त्वावर फाशी झाली. उलट व्हिएतनाममधल्या माय लाय गावच्या १९६८ च्या हत्याकांडात अमेरिकी लेफ्टनंट कॅली २२ खुनांबद्दल दोषी ठरला, त्याचा कॅप्टन मेदिना निर्दोष सुटला. मी 'सेनाधिकाऱ्याचे उत्तरदायित्व' वापरतो. इथे 'जाब' अपुरा पडतो, कारण हे दोष ठरवण्याचे तत्त्व आहे, नुसता प्रश्न नाही.

आणि विचारणारा कोण? आपल्या १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यात हेतुपुरस्सर हत्येला मृत्युदंड किंवा जन्मठेप आहे, पण न्यायालय दखल घेते ती सरकारच्या फिर्यादीवरूनच. मृताचा भाऊ फिर्यादी होऊ शकत नाही. म्हणून 'पीडितांनी जाब विचारला' हे वर्तमानपत्री मराठी म्हणून ठीक, कायद्याचे वर्णन म्हणून चूक.

तर मथळा: 'युद्धात सैन्याने मारलेले सामान्य नागरिक: जाब कुणी द्यायचा, कुणाला?' लांब वाटला तर 'कुणाला' ठेवून 'युद्धात' काढा. आणि फळ्यावर 'युद्धगुन्हा' जोडून लिहा, 'युद्ध गुन्हा' असे तोडून नको.