कोकणातलं सुट्टीचं घर: सातबाऱ्यापासून चादरींपर्यंत

सुट्टीत आपण राहायचं आणि एरवी पर्यटकांना भाड्याने द्यायचं, अशा घराबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कोकण किनारा आहे, म्हणून उत्तरंही तिथलीच धरली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: दापोली तालुक्यात 11 गुंठ्यांत चिऱ्याचं कौलारू घर विकायला आहे, समुद्र चालत पाच मिनिटांवर. घरपट्टी वेळच्या वेळी भरलेली आहे. मालक टोकन मागत आहेत. द्यावं का? (ठाणे)

आत्ता नको. घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा या कर आकारणीच्या नोंदी आहेत, मालकीचा पुरावा नव्हे. घर एकाच्या नावावर आणि खालची जमीन दहा जणांच्या, हे कोकणात नेहमीचंच.

सातबारा काढा आणि आधी खातेदारांची नावं मोजा. आजोबा वारल्यावर सगळ्या वारसांची नावं सामाईकात लागलेली असतात. त्यातले निम्मे मुंबईत, एक-दोन वारलेले आणि त्यांच्या वारसांची नोंदच नाही, अशी गत असते. तुमच्याशी बोलणारा मालक त्यातला एक हिस्सेदार असतो. ‘काकांची तोंडी संमती आहे’ याला काही किंमत नाही. राहिलेल्या वारसनोंदी आधी व्हायला हव्यात. मग खरेदीखतावर सगळ्यांच्या सह्या, किंवा न येणाऱ्यांचं नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र अथवा हक्कसोडपत्र हवं. एक सही राहिली की पुढची दहा वर्षं दिवाणी कोर्टात गेलीच म्हणून समजा.

मग ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. कुळाचं नाव, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, खाजगी वनाचा शेरा, सगळं तिथे लिहिलेलं असतं. जमीन भोगवटादार वर्ग 2 (सरकारी अटींवर दिलेली) असेल किंवा कूळकायद्याने मिळालेली असून कलम 43 चा शेरा असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार करू नका.

तुमच्या 11 गुंठ्यांबद्दल खरी शंका वेगळीच आहे. अशा ठिकाणी घराखालचे दोन-तीन गुंठे बिनशेती आणि उरलेली बाग शेतजमीन असं पुष्कळदा निघतं. तुम्ही शेतकरी खातेदार नसाल, तर कूळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतीचा भाग जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तुमच्या नावावर होणार नाही. बरं, तो तोडून वेगळा ठेवू म्हटलं तर तुकडेबंदी, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे करू न देणारा कायदा, आडवी येऊ शकते. तेव्हा बिनशेतीचा आदेश आणि त्याला जोडलेला नकाशा मागा, आणि आदेशातलं क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून पाहा. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. एक गुंठा म्हणजे 101 चौरस मीटर आणि थोडं, म्हणजे जवळजवळ एक आर.

‘चालत पाच मिनिटं’ हे काही माप नाही. किनारा नियमन क्षेत्रात अंतर भरतीरेषेपासून मोजतात. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर 200 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे. दाट वस्तीच्या गावांना 2019 च्या अधिसूचनेत ही मनाई 50 मीटरपर्यंतच ठेवली आहे, पण तुमचं गाव कुठल्या वर्गात पडतं ते मंजूर किनारा आराखड्यावरच पाहावं लागतं. खाडीकाठची अंतरं आणखी वेगळी. या पट्ट्यातल्या जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती करता येते. दोन खोल्या वाढवून पोहण्याचा तलाव खणायचा बेत असेल, तर तो खरेदीआधीच सोडून द्या. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे, हेही लक्षात असू द्या.

क्रम असा ठेवा: वकिलाकडून 30 वर्षांचा शोध अहवाल, स्थानिक वर्तमानपत्रात हरकतींसाठी 15 दिवसांची जाहीर नोटीस, भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्दीची मोजणी. मोजणीची ‘क’ प्रत (हद्दीचा नकाशा) हातात आली की गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आत खरोखर किती जागा आहे ते कळतं. रस्ताही तेव्हाच पाहा. गाडी शेजाऱ्याच्या कलमांच्या बागेतून जात असेल, तर त्याचा लेखी आणि नोंदलेला हक्क हवा. आजवर कुणी अडवलं नाही, याच्या भरवशावर राहू नये. हे सगळं जुळल्यावर नोंदणीकृत साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) करा. टोकन त्यात धरलं जाईल.

प्रश्न: गुहागरजवळ 65 लाखांना तीन खोल्यांचं तयार घर मिळतंय. 40 लाख कर्ज काढलं तर भाड्यातून हप्ता सुटेल का? (पुणे)

नाही सुटणार. दलाल वर्षाच्या 150 रात्री भरल्याचा हिशेब मांडतात. तो बाजूला ठेवून आपण खालून मोजू.

साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता साधारण 34,700 रुपये, म्हणजे वर्षाला 4 लाख 16 हजार. आता उत्पन्न. वर्षात शनिवार 52. जून ते सप्टेंबरमधले 17 कोकण किनाऱ्यावर जवळजवळ कोरडे जातात. समुद्र खवळलेला, जलक्रीडा बंद. (लोणावळ्याचं गणित नेमकं उलटं, तिथे पावसाळाच हंगाम.) उरलेल्या 35 पैकी 25 भरले, आणि दिवाळी, नाताळ, मे धरून आणखी 40 रात्री मिळाल्या, तर झाल्या 65. पण नेमक्या त्याच दिवसांत तुमच्या मुलांना सुट्टी असते. दहा रात्री घरच्यांसाठी काढल्या की राहिल्या 55. रात्रीचे 7,000 धरले तर 3 लाख 85 हजार.

यातून ऑनलाइन बुकिंगचं कमिशन 15 टक्क्यांनी सुमारे 58 हजार. राखणदाराचे महिना 10 हजार, वर्षाचे 1 लाख 20 हजार. पाहुण्यांच्या 35 तुकड्या आल्या तर दर वेळी सफाई-धुलाईचे 800, म्हणजे 28 हजार. वीज, इंटरनेट, घरपट्टी, विमा 45 हजार. रंग, कौलं, गाद्या, दुरुस्त्या 50 हजार. हातात उरतात 84 हजार, जेमतेम अडीच हप्ते.

आकडे तुमच्या घराप्रमाणे बदलून पाहा, चित्र फारसं बदलत नाही. भाड्यातून घर स्वतःचा खर्च भागवतं आणि थोडं वर उरतं, एवढंच धरून चाला. हप्ता पगारातून झेपणार असेल तरच कर्ज काढा. उलट, कर्ज 15 लाखांवर आणता आलं तर याच घराचा ताण पुष्कळ हलका होतो. हप्ता 13 हजारांच्या आसपास येतो.

प्रश्न: पाहुणे ठेवायला परवाने कोणते लागतात? (डोंबिवली)

पर्यटन संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात आधी आपल्या घराला कुठली योजना लागू पडते ते विचारा. केंद्राच्या निवास-न्याहारी योजनेत मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असावं अशी अट आहे; कुलूप लावून ठेवलेलं घर तिच्यात बसत नाही. जेवण देणार असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी आणि व्यावसायिक गॅस सिलिंडर घ्या.

विजेकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. घरगुती जोडणीवर व्यवसाय चालवलेला आढळला, तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. महावितरणला लेखी कळवून योग्य वर्ग लावून घ्या. विमा कंपनीलाही भाड्याचं सांगा. साध्या घरविम्यात पाहुण्यांमुळे झालेलं नुकसान नाकारलं जाऊ शकतं. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती ठरलेल्या फॉर्मवर (पूर्वीचा ‘सी’ फॉर्म) ऑनलाइन भरायची, मग तो नातेवाईक का असेना.

सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाख आहे, त्यामुळे एका घराला ती सहसा लागत नाही. नुसतं भाडं असेल तर घरमिळकतीचं उत्पन्न धरून 30 टक्के वजावट मिळते; जेवणखाण, रोजची सफाई असं पुरवत असाल तर तो धंदा ठरू शकतो. सीएला वर्षाच्या सुरुवातीलाच गाठा, जुलैत नको.

प्रश्न: घर घेतलं आहे, मालवणजवळ. गावातला एक मुलगा महिन्यातून एकदा बघून येईन म्हणतो. पुरेल का? (नाशिक)

पुरणार नाही. बंद घर वापरत्या घरापेक्षा लवकर खराब होतं. आठवड्यातून एकदा तासभर तरी ते उघडायला हवं.

न्हाणीघराच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये पाणी अडून राहतं आणि ते खालची घाण हवा रोखतं. उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांत हे पाणी आटतं, मग घरभर वास आणि झुरळं. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर खाद्यतेल ओतलं की आटणं मंदावतं. पंप दर आठवड्याला दहा मिनिटं चालवायचा, नाहीतर आतला पंखा गंजून जाम होतो आणि पाहुणे दारात असताना मोटर नुसती गुणगुणत राहते. निघताना मेन स्विच खाली पाडून जाण्याची आपल्याला सवय. त्याने इन्व्हर्टरची बॅटरी मरते. तिच्या चार्जिंगला वेगळा एमसीबी (आपोआप पडणारा छोटा स्विच) ठेवा, बाकीचे पाडा. फ्रिज रिकामा, बंद आणि दारात फडक्याची गुंडाळी. पावसाळ्यात गाद्या भिंतीपासून दूर उभ्या, कपाटं उघडी. काथ्याच्या गादीला बुरशी फार लवकर धरते.

खाऱ्या वाऱ्यात साध्या लोखंडी बिजागऱ्या एक-दोन पावसाळ्यांत फुगतात. समुद्राजवळ 316 प्रतीचं स्टेनलेस स्टील घ्या. 304 वर तांबूस डाग येतात. आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, 30 मिलिअँपिअरचा बसवा आणि अर्थिंग मे महिन्यात तपासून घ्या. जांभा कोरडा पडला की अर्थिंगचा रोध वाढतो, पावसाळ्यातलं माप फसवं असतं. वानर-माकडांचा त्रास असेल तर कौलांखाली पत्रा घालणं हाच टिकाऊ उपाय. नुसती फुटलेली कौलं बदलत राहाल तर दरवर्षी तेच.

पाण्याचं आधी पाहायला हवं होतं. विहीर मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाहायची. ऑक्टोबरात सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात. माणशी दिवसाला 135 लिटर धरले तर दहा पाहुण्यांना 1,350 लिटर लागतात, म्हणजे 5,000 लिटरची टाकी साडेतीन दिवस पुरते. सेप्टिक टँकचंही तसंच. चार माणसांसाठी बांधलेला खड्डा दहा जणांच्या दोन सलग शनिवार-रविवारांत तुंबू शकतो. दहा जणांना आतून 2 मीटर लांब, 0.9 मीटर रुंद आणि 1 मीटर पाणी राहील अशी टाकी लागते, शिवाय दर दोन वर्षांनी उपसा. शोषखड्डा विहिरीपासून 18 मीटर तरी लांब हवा. जांभ्यात भेगा असतात, त्यामुळे उतारावर विहीर खाली असेल तर 18 मीटरही अपुरे. अशा वेळी वर्षातून दोनदा पाणी तपासून घ्या.

चादरी आणि टॉवेल प्रत्येक पलंगामागे तीन जोड: एक अंथरलेला, एक धुलाईत, एक कपाटात. दोन जोडांत भागेलही, पण जुलैत नाही.

प्रश्न: आम्ही टोरांटोत असतो, भारतीय पासपोर्ट आहे. रत्नागिरीजवळ फार्महाऊस घेता येईल का? (कॅनडा)

विकत नाही. फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) नियमांनुसार अनिवासी भारतीयांना शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस खरेदी करता येत नाही. वारसाहक्काने मिळू शकतं. बिनशेती भूखंडावरचं निवासी घर घेता येतं. जाहिरातीत फार्महाऊस म्हटलेलं काय आहे ते सातबाऱ्यावरूनच ठरतं. पैसे बँकेमार्फत किंवा एनआरई-एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातूनच द्या. भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करणार असाल तर ते भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करा आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा.

प्रश्न: सावंतवाडीऐवजी पलीकडे पेडण्यात घेतलं तर? (कोल्हापूर)

गोव्यात कागदच वेगळे. सातबाऱ्याच्या जागी एक-चौदाचा उतारा, सोबत बिनशेतीची सनद आणि जमीन वस्ती क्षेत्रात असल्याचा दाखला. तिथल्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते, म्हणून विकणाऱ्याच्या पत्नीचीही सही लागते. वडिलोपार्जित घर असेल तर वारसांची इन्व्हेंटरी (वारस आणि वाटणी ठरवण्याची कोर्टातली प्रक्रिया) झाली आहे का ते विचारा. पाहुणे ठेवण्याआधी पर्यटन खात्याकडे 1982 च्या कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे.

प्रश्न: आम्ही दोघे भाऊ आणि ताई मिळून घर घेणार आहोत. काय ठरवून ठेवावं? (मुंबई)

खरेदीखतात प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहा, आणि पैसे ज्याने जितके दिले तितकाच लिहा. मग वेगळा करारनामा करा. गणपती, दिवाळी आणि मे यांची पाळी आळीपाळीने फिरती ठेवा. भाडं एका संयुक्त खात्यात जमा करा आणि वाटणीआधी 20 टक्के दुरुस्तीसाठी बाजूला काढा. ठरलेल्या रकमेपुढच्या खर्चाला तिघांची लेखी संमती असू द्या. घरच्यांनी हंगामात घर वापरलं तर सफाईचा खर्च त्यांचा. कुणाला बाहेर पडायचं झालं तर किंमत नोंदणीकृत मूल्यांककाने काढायची आणि विकत घेण्याचा पहिला हक्क उरलेल्या दोघांचा, पैसे देण्याची मुदत सहा महिने. ताईंच्या यजमानांना आणि वहिनींना करार सहीआधी वाचायला द्या. हरकती तिथूनच येतात, आणि सहीआधी आल्या तर दुरुस्त करता येतात.