व्याकरणातील ‘प्रयोग’ आणि नाटकाचा ‘प्रयोग’ यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?

शाळेत शिकलेला कर्तरी प्रयोग आणि नाट्यगृहाच्या फलकावरचा ‘आज रात्रीचा प्रयोग’ हे दोन वेगळे शब्द आहेत की एकच, असे आपण विचारले आहे. शब्द एकच आहे. ‘प्र’ हा उपसर्ग आणि जोडणे, जुंपणे, कामी लावणे या अर्थाचा ‘युज्’ हा धातू यांपासून तो बनला आहे. व्याकरणाने त्यातला जोडण्याचा अर्थ पुढे आणला, नाट्याने कामी लावण्याचा.

मराठी व्याकरणात प्रयोग म्हणजे कर्ता, कर्म आणि क्रियापद यांची जुळणी. ‘मुलगा आंबा खातो, मुलगी आंबा खाते’ येथे क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते, म्हणून प्रयोग कर्तरी. ‘मुलाने आंबा खाल्ला, मुलाने चिंच खाल्ली’ येथे ते कर्माच्या मागे जाते, म्हणून कर्मणी. ‘मुलाने मांजराला पकडले, मुलींनी मांजरांना पकडले’ येथे ते दोघांकडेही न पाहता नपुंसकलिंगी एकवचनात राहते, आणि हा भावे प्रयोग होय. संस्कृतात ‘रामः फलं खादति’ म्हणावे की ‘रामेण फलं खाद्यते’, ही निवड बोलणाऱ्याच्या हाती असते. मराठीत मात्र बहुतेक सकर्मक धातूंच्या भूतकाळात कर्तरी प्रयोग होतच नाही, कारण आपले ‘खाल्ला’ हे रूप मुळात ‘रामेण आम्रः खादितः’ अशा कर्मणी रचनेतून आले आहे. म्हणूनच मराठीतील प्रयोग संस्कृतच्या साच्यात पूर्णपणे बसत नाहीत. ‘तू चिंच खाल्लीस’ हे वाक्य पाहा. ‘खाल्ली’ हा भाग चिंचेशी जुळतो आणि शेवटचा ‘स’ ‘तू’शी, म्हणून वैयाकरणांनी त्याला कर्तृ-कर्मसंकर असे नाव दिले. प्रयोग किती मानावेत, याविषयी मराठी वैयाकरणांत पुष्कळ वाद झाला आहे, आणि मला तो निष्फळ वाटत नाही, कारण त्या वादामुळेच मराठीची स्वतःची चाल अभ्यासकांच्या लक्षात आली.

वैयाकरणांच्या परंपरेत या शब्दाचा आणखी एक, अधिक व्यापक अर्थ आहे : लोकांनी केलेला शब्दांचा वापर. प्राचीन संस्कृत वैयाकरण पतंजली आपल्या ‘महाभाष्य’ या व्याकरणग्रंथात म्हणतो की, घट हवा असलेला मनुष्य कुंभाराच्या घरी जाऊन ‘घट कर’ असे सांगतो, पण शब्द वापरू इच्छिणारा कोणी वैयाकरणाच्या घरी जाऊन ‘शब्द कर’ असे म्हणत नाही. प्रयोग आधी लोकांच्या मुखी असतो, शास्त्र त्याच्या मागून येते. माझ्या मते या शब्दाची दोन्ही क्षेत्रे जोडणारा धागा हाच आहे.

नाटकाच्या बाबतीत लिहिलेली संहिता वेगळी आणि ती नटांनी प्रेक्षकांसमोर सादर करणे वेगळे. या सादरीकरणाला प्रयोग म्हणतात. हा अर्थ जुना आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ या नाटकाच्या पहिल्या अंकात दोन नाट्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण असा वाद उभा राहतो, तेव्हा परिव्राजिका, म्हणजे नाटकातील संन्यासिनी, म्हणते, ‘प्रयोगप्रधानं हि नाट्यशास्त्रम्’, म्हणजे नाट्यशास्त्रात प्रयोगच मुख्य, नुसत्या बोलण्याने काय होणार? ‘शाकुंतला’तील सूत्रधारही विद्वानांचे समाधान होईपर्यंत आपले प्रयोगविज्ञान चांगले मानायला तयार नसतो. मराठी रंगभूमीच्या आरंभी तर हे फारच स्पष्ट दिसते. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा पदे रचलेली होती, पण पात्रांची भाषणे बरीचशी आयत्या वेळची असत. पूर्ण लिहिलेली संहिता हाती नसतानाही प्रयोग झाला.

आजच्या वापरात एक सावधगिरी बाळगावी. विज्ञानाच्या प्रयोगशाळेतील पडताळणीलाही आपण प्रयोग म्हणतो आणि ‘प्रायोगिक रंगभूमी’तला शब्द त्या अर्थाकडे झुकतो, तर ‘प्रयोगक्षम नाटक’ म्हणजे रंगमंचावर उभे राहू शकणारे नाटक. त्यामुळे परीक्षणात ‘दिग्दर्शकाचा नवा प्रयोग’ असे वाचले, तर नवे सादरीकरण की नवी वाट, हे पुढच्या वाक्यावरून ठरवावे लागते. आपण स्वतः लिहिताना पहिला अर्थ हवा असेल तर ‘नाटकाचा प्रयोग’ असे पूर्ण लिहावे.