चाकणच्या जागेसाठी कव्हर लेटर लिहितोयस ना, मग हे वाच

अरे,

तुझं कव्हर लेटर वाचलं, दोनदा वाचलं, आणि खरं सांगू का, त्यात तू कुठेच दिसत नाहीस. "रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट" पासून "आय ॲम हार्डवर्किंग अँड सिन्सिअर" पर्यंत सगळं कॉलेजच्या फॉरमॅटमधलं, तुझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी हेच पाठवलं असणार. मी स्वतः क्वालिटीत आहे, आमच्याकडे इन्स्पेक्टरची जागा निघाली की मेल आधी मीच बघते, आणि हार्डवर्किंग वाचून कोणाला बोलावलंय असं मला तरी आठवत नाही.

तू मला फोनवर ती बोअरची गोष्ट सांगितली होतीस. सेकंड शिफ्टला बोअर, म्हणजे पार्टमधलं मशीनवर केलेलं भोक, अंडरसाइज (मापापेक्षा लहान) यायला लागला, तू बोअर गेजने मोजून रीडिंग वहीत लिहीत गेलास आणि सुपरवायझरला दाखवलंस की इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं पातं) झिजत आला की साइज खाली सरकते, मग ते इन्सर्ट लवकर बदलायला लागले. अरे हेच तर लिही ना! काय प्रॉब्लेम होता, तू काय मोजलंस, त्यानंतर काय बदललं, चार-पाच साध्या वाक्यांत. आधी मराठीत लिही, मग इंग्रजी कर, मोठे शब्द शोधत बसू नकोस. रिजेक्शन किती कमी झालं त्याचा आकडा रजिस्टरमधला नक्की माहीत असेल तरच टाक, अंदाजाने टाकू नकोस कारण इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो. आणि कस्टमरचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंगमधली डायमेन्शन हे अजिबात नको, तिथली माहिती तू इकडे उघडी करतोस म्हटल्यावर इथली पण करशील असं समोरच्याला वाटणार.

मग कंपनीची वेबसाइट उघड, ते मशीनिंग करतात की शीट मेटल ते बघ. मशीनिंग असेल तर तुझी बोअरची गोष्ट तशीच चालेल, शीट मेटल असेल तर रीडिंग कशी ठेवलीस, ट्रेंड कसा पकडलास त्याच्यावर भर दे. जाहिरातीत सीएमएम (पार्टची मापं घेणारं कॉम्प्युटरवरचं मशीन) मागितलंय आणि तू ते चालवलेलं नाहीस, तर सरळ लिही की व्हर्निअर, मायक्रोमीटर, बोअर गेज रोज हातात होते, सीएमएम शिकायचंय. आयएटीएफ १६९४९ (गाड्यांच्या पार्ट्सच्या क्वालिटीचं स्टँडर्ड) चं नुसतं नाव टाकू नकोस, ऑडिटच्या वेळी तू काय काम केलंस ते एक वाक्य असेल तर असू दे.

आता ज्याची तुला लाज वाटते ते. अप्रेंटिसशिप संपली आणि कंपनीने ठेवून घेतलं नाही, म्हणून तू ते वर्ष शेवटच्या ओळीत लपवलंयस. असं करू नकोस रे. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात २०१४ ला बदल झाला, तेव्हापासून ट्रेनिंग संपल्यावर कोणाला नोकरीत घ्यायचं त्याचं धोरण प्रत्येक मालक स्वतःच ठरवतो, करारातच तशी अट असेल तर गोष्ट निराळी. त्यामुळे वर्ष पूर्ण करून बाहेर पडलेली भरपूर मुलं आम्हाला दिसतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. "एक वर्षाची अप्रेंटिसशिप पूर्ण, सर्टिफिकेट आहे" हे दुसऱ्याच वाक्यात येऊ दे, आणि जुन्या कंपनीबद्दल वाईट एक शब्द पण नको.

बाकी बारीकसारीक. अर्ध्या पानाच्या वर जाऊ नकोस. लेटर मेलच्या बॉडीतच टाक, वेगळी फाइल उघडायला शिफ्टच्या गडबडीत कोणाला वेळ नसतो, फक्त रेझ्युमे पीडीएफ करून जोड आणि फाइलला तुझं नाव आणि पोस्टचं नाव दे. सब्जेक्टमध्ये पोस्ट आणि जॉइन कधी होऊ शकतोस ते. वडिलांचं नाव, धर्म, मॅरिटल स्टेटस काढून टाक. पगार विचारला नसेल तर लिहू नकोस. चॅटजीपीटीकडून स्पेलिंग तपासून घे, लेटर त्याच्याकडून लिहून घेऊ नकोस, तशी लेटरं आता रोज येतात आणि दोन ओळीत कळतात.

आज रात्री बोअरचा पॅरा तेवढा लिही आणि मला व्हॉट्सॲप कर, इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल, ते आपण फोनवर बसून नीट करू.

तुझी ताई