गोळी सुटली तर पाय कुठे? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात गस्तीच्या गाडीबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य टाकलं होतं, की गाडी चालू असेपर्यंत ड्रायव्हरने बंदुकीला हात लावायचाच नाही. बाकीचा लेख कुणी वाचला की नाही देव जाणे, पण त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. काही चिडलेली, काही घाबरलेली, दोन-तीन तर थेट शिव्या. मी बरीच वर्षं पोलिसांच्या आणि कॅश व्हॅनच्या ड्रायव्हरना गाडी शिकवली, त्यामुळे शिव्यांची सवय आहे. निवडक पत्रं घेतोय.

सर, मी कॅश व्हॅनवर ड्रायव्हर आहे आणि कंपनीने मला पिस्तूल पण दिलंय. तुम्ही म्हणता हात लावायचा नाही, मग दिलंय कशाला? समजा बाइकवर दोघं आले, बाजूला आले आणि पिस्तूल रोखलं, तर मी काय हात जोडून बसू? – एक ड्रायव्हर, वय 26

मित्रा, हात जोडून नको बसू, पाय दाब. तुझं खरं हत्यार तुझ्या पायाखाली आहे आणि ते कमरेच्या हत्यारापेक्षा दोन टनांनी जड आहे.

आता जरा हिशोब बघ. गाडी ताशी 60 ने चाललीये म्हणजे सेकंदाला साधारण 17 मीटर. अचानक काही दिसलं की माणसाला कळून हातपाय हलायला दीड सेकंद सहज जातो, म्हणजे तू काही करायच्या आतच गाडी 25 मीटर पुढे गेलेली असते. त्यात तू एक हात स्टिअरिंगवरून काढणार, बेल्टखालून पिस्तूल ओढणार, मान वळवून नेम धरणार आणि त्या वेळात रस्ता कोण बघणार? हलत्या गाडीतून हलत्या बाइकवर मारलेली गोळी लागली तर नशीब समज, आणि नाही लागली तर ती हवेत विरत नाही, पुढे कुणाच्या तरी खिडकीत जाते. बाजूला बसलेला गार्ड मोकळा आहे, त्याचे दोन्ही हात मोकळे आहेत, हत्यार हे त्याचं काम आणि गाडी तुझं. दोघांनी एकच काम करायला घेतलं की दुसरं काम कुणीच करत नाही.

इतिहासातली दोन उदाहरणं मी प्रत्येक बॅचला सांगायचो, तुलाही सांगतो. 27 मे 1942, प्राग. नाझी अधिकारी हायड्रिश उघड्या मर्सिडीजमधून चाललाय, एका तीव्र वळणावर गाडी हळू झाली आणि समोर एकाने स्टेनगन रोखली. ती नेमकी जाम झाली! म्हणजे त्या क्षणी ड्रायव्हरने नुसता ॲक्सिलरेटर दाबला असता तरी गाडी निसटली असती. पण हायड्रिशने गाडी थांबवायला लावली आणि पिस्तूल काढून उभा राहिला, त्याला उलट गोळी मारायची होती. तेवढ्यात दुसऱ्याने बॉम्ब टाकला, तो मागच्या चाकाजवळ फुटला आणि आठ दिवसांनी, 4 जूनला, हायड्रिश मेला. (मेला ते बरंच झालं, पण आपला मुद्दा ड्रायव्हिंगचा आहे.)

दुसरं, 22 ऑगस्ट 1962, पॅरिसच्या बाहेर पेती-क्लामार. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल, सोबत बायको आणि जावई, साधी सित्रोएन डीएस, बुलेटप्रूफ वगैरे काही नाही. रस्त्याच्या कडेने स्वयंचलित बंदुकांनी गोळीबार झाला, गाडीला डझनभर तरी गोळ्या लागल्या, टायर फुटले. ड्रायव्हर होता फ्रान्सिस मारू. तो थांबला नाही, बंदूक शोधली नाही, मागे वळून पाहिलं नाही, फुटक्या टायरवर गाडी सांभाळत काढून नेली. आतल्या कुणालाही गोळी लागली नाही.

तर बाइकवाल्यांचं उत्तर हे. ते जिथे तुला थांबवायला बघतायत ती जागा त्यांनी निवडलीये, तू नाही. तिथून बाहेर पड, पुढे वाट असेल तर पुढे, नसेल तर रिव्हर्स. रिव्हर्समध्ये फार लांब जायचं नाही, नुसतं त्यांच्या समोरून हटायचं आणि पहिला फाटा मिळाला की वळायचं. आणि हे जमायला सिग्नलला उभं राहतानाच शिस्त लागते: पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेवायचं, म्हणजे रिव्हर्स न घेता एका वळणात बाहेर पडता येतं. मी नव्या पोरांना बोनेटवर बसून हेच ओरडायचो, "टायर दिसतायत का, टायर?" दिसत नसेल तर तू रांगेत अडकलास, मग पिस्तूल असो नाहीतर तोफ.

आणि गाडी पूर्ण अडली, पुढे-मागे वाटच नाही, तर मात्र गोष्ट वेगळी, तेव्हा तू ड्रायव्हर राहिलेला नसतोस. पिस्तूल त्यासाठी दिलंय.

गस्तीवर असताना आम्ही गाडीचं दार उघडून त्याच्या आड उभे राहतो, ट्रेनिंगला पण तसंच दाखवतात. ते खरंच उपयोगी आहे का? – महिला पोलीस अंमलदार

ताई, दार तुम्हाला लपवतं, वाचवत नाही. साध्या गाडीचं दार म्हणजे दोन पातळ पत्रे आणि मधे काच, वायरी, प्लॅस्टिक, पिस्तुलाची गोळी सुद्धा बऱ्याचदा आरपार जाते, रायफलचं तर विचारूच नका. गाडीत गोळी अडवणाऱ्या जागा थोड्याच, पुढचा इंजिनचा ठोकळा आणि चाकाची रिम-डिस्कची जागा. म्हणून इंजिनच्या पलीकडे, चाकाच्या मागे, आणि पत्र्याला चिकटून नाही, थोडं मागे सरकून, कारण बोनेटवर आपटलेली गोळी बरेचदा पत्र्यालगतच सरकत पुढे येते.

पण खरं सांगू का, दारापर्यंत वेळच येऊ नये असं काम त्याआधी करायचं असतं. संशयित गाडी थांबवायच्या आधी, दिवा लावायच्याही आधी, नंबर, रंग, जागा आणि आत किती डोकी दिसतायत हे वायरलेसवर सांगून टाका. थांबल्यावर सांगू म्हणणारे खूप पाहिलेत. हत्यार आहे असा नुसता वास जरी आला तरी जवळ चालत जाऊ नका, लांब थांबा, दुसरी गाडी येऊ द्या, आतल्यांना आवाज देऊन एकेकाला बाहेर काढा. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्यूलर नावाच्या पोलीस इन्स्ट्रक्टरने 1983 मध्ये लिहिलं होतं, की चाकूवाला माणूस 21 फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. म्हणजे साडेसहा मीटरसुद्धा नाही झाले, आणि तो हिशोब उभ्या पोलिसाचा आहे, तुम्ही तर सीटवर बसलेल्या असता.

बेल्ट लावला तर हत्यार निघत नाही, नाही लावला तर साहेब ओरडतात. नक्की करायचं काय? – तीन जण, एकाच ठाण्यातले

तिघांना एकच उत्तर, लावा. गाडी ठोकली तर बंदूकवाला शोधायला तुम्ही शुद्धीवर तरी असायला पाहिजे ना.

अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. एकदा मोकळ्या हत्यारावर (गोळ्या काढून, दुसऱ्याकडून तपासून, हे विसरू नका) गाडीत बसून करून बघा. स्टिअरिंग डावीकडे असलेल्या गाडीत बेल्टचं बक्कल उजव्या कमरेला येतं, उजव्या हाताच्या माणसाचं होल्स्टर पण तिथेच, दोन्ही एकमेकांत गुंततात. स्टिअरिंग उजवीकडे असेल तर बक्कल डावीकडे जातं, पण मग कोपर दारावर आपटतं आणि जॅकेटची कड मुठीत येते. दोन्हीला उपाय सरावच. थांबायच्या जागेच्या थोडं आधी, वेग अगदी कमी झाल्यावर, अंगठ्याने बक्कल सोडायचं आणि पट्टा हाताने दाराकडे नेऊन सोडायचा, नुसता सोडून दिला की तो होल्स्टरवर जाऊन बसतो आणि तुम्ही दारात अर्धे लटकता. पन्नास वेळा करा, मग हात आपोआप करतो.

माझे मिस्टर कॅश व्हॅनवर गार्ड आहेत. गाडी बुलेटप्रूफ आहे म्हणतात, मग मी निर्धास्त राहू का?

ताई, थोडी राहा, पूर्ण नको. बुलेटप्रूफ हा शब्दच फसवा आहे, किती आणि कशापासून हे विचारायला पाहिजे. काचेसाठी युरोपात ईएन 1063 नावाचं मानक आहे, त्यात बीआर 2 ते 4 पिस्तुल-रिव्हॉल्व्हरच्या गोळीसाठी आणि बीआर 5 पासून वर रायफलसाठी. चाचणीत त्या काचेवर ठरावीक अंतरावर 3 गोळ्या मारतात, तीस नाही. म्हणजे ती काच वेळ विकत घेऊन देते, तो वेळ निघून जायला वापरायचा. शिवाय अशी गाडी जड असते, ब्रेक लागायला लांब अंतर लागतं, वळणावर झुकते, ते ड्रायव्हरला माहीत हवं.

आणि धोका जास्त गाडी धावताना नसतोच, दार उघडून पेटी हातात घेऊन चालताना असतो. तेव्हा मिस्टरांना एवढंच विचारा की उतरायच्या आधी ड्रायव्हर एक चक्कर मारतो का, आणि रोज तीच वेळ तोच रस्ता आहे का. "हो रोज तोच" असं उत्तर आलं तर त्यांच्या सुपरवायझरशी बोलायला लावा.

तुम्ही पोलिसांना पळपुटे बनवताय. पळणाऱ्या गाडीच्या टायरवर गोळी मारली की खेळ खल्लास! – एक संतप्त वाचक

टायरवर गोळी मारून गाडी थांबते हे पडद्यावर. खरा टायर बहुतेक वेळा हळूहळू हवा सोडतो आणि गाडी अजून कितीतरी लांब जाते, मारूने नेली तशी. आणि ड्रायव्हरलाच लागली तर गाडी थांबत नाही, बिनड्रायव्हरची होते. न्यूयॉर्क पोलिसांनी 1972 मध्येच चालत्या गाडीवर गोळी मारायला बंदी घातली, गाडी सोडून दुसऱ्या कशाने जीव घेतला जात असेल तरच मुभा. 1990 मध्ये हवानाला संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत मान्य झालेली तत्त्वंही तेच सांगतात, जीव वाचवायला दुसरा मार्गच नसेल तेव्हाच जीवघेणा गोळीबार. पळपुटे म्हणायचं तर म्हणा.

सर, मागच्या महिन्यात आमच्या गाडीवर फायरिंग झालं, आम्ही निघून आलो, कुणाला काही नाही. पण चौकशीत मला क्रमच सांगता येईना, साहेबांना वाटलं मी लपवतोय. असं होतं का? – नाव छापू नये

होतं, आणि चांगल्या चांगल्यांचं होतं. अशा वेळी नजर बोळासारखी अरुंद होते, आवाज ऐकू येत नाहीत, सेकंद ताणल्यासारखे वाटतात, आधी काच फुटली की आधी आवाज आला हे नंतर सांगता येत नाही. असं झालं की गाडीच्या आतलं काही हलवू नका, कॅमेरा असेल तर त्याचं रेकॉर्डिंग आधी सुरक्षित करायला सांगा, वायरलेसवरचे तुमचे शब्द वेळेसकट रेकॉर्ड झालेले असतात ते मागवा. जबाब देताना जे आठवत नाही तिथे "आठवत नाही" असंच लिहा, जुळवून सांगू नका. एक-दोन रात्रीच्या झोपेनंतर बरंच आठवतं, तेव्हा पुरवणी जबाब द्या. आणि त्या ड्रायव्हरला माझ्याकडून सांगा, पाय बरोबर जागी होता.