कावळ्याला काय माहीत?

पितृपंधरवडा जवळ आला की ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो. कुणाचे सासरे सारखे स्वप्नात येतात, कुणाला घरात कुणीतरी वावरतंय असं वाटतं, कुणी हळूच विचारतं, "बाहेरचं तर काही नसेल ना?" माणसं शिकलेली असतात, त्यामुळे शेवटचं वाक्य ठरलेलं: "मॅडम, असं काही नसतं हे विज्ञानानं सिद्ध झालंय ना? एवढंच एकदा सांगा."

एवढंच मी सांगत नाही. का, ते सुहासच्या निमित्ताने लिहिते. नाव आणि तपशील अर्थातच बदललेत.

सुहास ऐरोलीचा, 38 वर्षांचा, सॉफ्टवेअरमधला. वडील गेले. दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे होते, समोरच्या झाडावर बसून बघत होते. मग एकेक नातेवाईक हात जोडून पुढे होऊ लागला. काका म्हणाले, "बहिणीचं बघीन म्हण." सुहास म्हणाला. आईला अंतर देणार नाही, तेही म्हणाला. दीड तास उन्हात गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी गेले. सुहास मात्र आठ महिन्यांनी माझ्यासमोर बसला तेव्हाही मनाने तिथेच उभा होता.

"कावळ्याला खरंच कळतं का हो?"

"कावळ्याला बरंच कळतं," मी म्हटलं. अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी मुखवटे घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की तिथले कावळे कलकलाट करायचे. असा धोरणी पक्षी पंधरा माणसं टक लावून बसलेली असताना भातावर झेपावेल कशाला?

"म्हणजे बाबांचा काही संबंध नाही?"

"असं मी कुठं म्हटलं?"

तो वैतागला. साहजिक होतं, 'नाही' असं सर्टिफिकेट घ्यायला आला होता तो.

त्याला जे सांगितलं ते सगळ्यांनाच सांगते. जो दावा जगात काही घडवून आणतो म्हणतो, तो तपासता येतो. 2008 साली पुण्यात जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या अशा 200 मुलांच्या पत्रिका जमवल्या. त्यांतल्या प्रत्येकी 40 पत्रिका 27 ज्योतिषांनी तपासून कोणती कुणाची ते सांगितलं. बरोबर आलं सरासरी 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढंच आलं असतं. 'इच्छा राहिली की कावळा शिवत नाही' हेही असंच तपासता येईल. पण 'बाबा आहेत, फक्त त्यांची कुठेच काही खूण उमटत नाही' असं कुणी म्हटलं, तर विज्ञानाला धरायला काही उरत नाही. ते हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. त्या गप्प बसण्याला 'म्हणजे खरं असणार' समजू नये. आणि 'विज्ञानानं कधीच निकाल लावलाय' असं छाती ठोकून सांगणाऱ्यांनाही मी जरा थांबवते.

शिवला तर आत्मा तृप्त. नाही शिवला तर इच्छा राहिली. कबूल करूनही नाही शिवला तर दुसरी इच्छा राहिली. असा हिशेब कधीच चुकत नाही, म्हणून त्यातून काही कळतही नाही. सुहासला हे चटकन पटलं. झोप मात्र आली नाही.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या वळणाची. शंका माणसाला पोखरत नाही, 'खात्री मिळालीच पाहिजे' यातला 'च' पोखरतो, असं माझं ठाम मत. हा 'च' आला कुठून, ते शोधायचं होतं.

चौथ्या भेटीत मी त्याच्यापुढे कागद सरकवला. "त्या दिवशी काय काय कबूल केलंत, ते लिहा." त्याने भराभर सहा ओळी लिहिल्या. मग 7 आकडा घातला, त्यापुढे टिंब दिलं आणि थांबला. पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"सातवं?"

"गावचं घर." बराच वेळ गेला. "बाबा हॉस्पिटलात होते तेव्हाच इसार घेतला होता मी. त्यांना बोललो नाही. घाटावर काका विचारत होते, अजून काही राहिलंय का बघ. घर विकणार नाही, एवढं तोंडून निघालं नाही."

"हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"मला. आणि घेणाऱ्याला."

"आणि कावळ्याला?"

तो हसला आणि हसता हसताच रडू लागला. मी पाणी पुढे केलं, बोलले काही नाही. हा प्रश्न मी अजून नव्या समुपदेशकांना सांगते, थोड्या अभिमानानेच. पहिल्या दिवशी 'असं काही नसतं' म्हणून मोकळी झाले असते, तर तो सातवा आकडा खिशात घेऊनच तो ऐरोलीची गाडी पकडता.

दर्भाच्या कावळ्याला मी पूर्वी हसायचे. आता वाटतं, कावळा येणार नाही अशी शक्यता रूढीनेच धरून ठेवली होती. वाट बघा, नाहीच आला तर दर्भाचा लावा आणि घरी जा. ही परवानगी सुहासने घेतलीच नव्हती.

एक मात्र सांगायला हवं. आवाज ऐकू येत असतील, ते हुकूम सोडत असतील, तर समुपदेशकाच्या नादी न लागता आधी मनोविकारतज्ज्ञाकडे जा. आणि बाधा काढतो म्हणून कुणी मारहाण करत असेल, तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

सुहासने आईला सगळं सांगितलं. ती चार दिवस बोलली नाही. घराचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. शेवटच्या भेटीत वर्षश्राद्धाचा विषय निघाला.

"पान ठेवणार गच्चीवर?"

"ठेवणार. आईला हवंय."

"आणि नाही शिवला तर?"

"साडेबारापर्यंत बघू," तो म्हणाला. "मग जेवायला बसायचं. आईला शुगर आहे."