साचा गेला, तार उरली

प्रश्न : मी महाप्याच्या एमआयडीसीत क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) आहे. काही पेप्टाइडांचं (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांचं) द्रावण आपोआप जेलसारखं घट्ट होतं. याचा कुठे उपयोग होतो का?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : होतो की! तुमची डोकेदुखी, तोच नॅनोतंत्रज्ञानवाल्यांचा कच्चा माल. डायफेनिलअ‍ॅलनिन घ्या, अल्झायमरशी निगडित अमायलॉइड प्रथिनातला इवलासा तुकडा. सेंद्रिय द्रावकातून पाण्यात सोडला, की पाणी टाळणारी त्याची कार्बन अणूंची कडी एकमेकांना बिलगतात, हायड्रोजन बंध धरून ठेवतात, आणि नळ्या तयार. तेल अवीवच्या रेचेस आणि गाझित या शास्त्रज्ञांनी २००३मध्ये त्या नळ्या साच्यासारख्या वापरून त्यांत चांदी भरली, मग एन्झाइमने पेप्टाइड संपवलं. उरली चांदीची सुमारे २० नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) जाडीची तार. मला हे सगळ्यात आवडतं! बाकी, रक्तस्राव थांबवणारं पेप्टाइड-जेल एन्डोस्कोपीत वापरतातही. तुमच्या बॅचचा मात्र आधी पीएच (आम्लता) तपासा.