फुल थ्रॉटलचा एक तास केवढ्याला पडतो?

प्रश्न: आम्ही दोघं चँडलर, ॲरिझोना इथे चिप उद्योगात नोकरी करतो. एप्रिल ते ऑक्टोबर लेक हॅवासूवर वीकेंडला चालवायला २८ फुटी व्ही-बॉटम स्पीडबोट घ्यायची आहे. एकाच बनावटीच्या, २००८ सालच्या दोन बोटी पाहिल्या. दोन्हींना ब्राव्हो वन एक्सआर ड्राइव्ह (इंजिनाची ताकद प्रोपेलरपर्यंत नेणारा गिअरचा भाग). पहिलीत मर्क्युरी रेसिंगचं ५२५ हॉर्सपॉवरचं ५२५ ईएफआय इंजिन, सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) नसलेलं. ३१० तास चाललेली, किंमत ६८,००० डॉलर, वेग ताशी ७२ मैल. दुसरीत तशाच बिग ब्लॉक इंजिनावर मागाहून स्क्रू टाइप सुपरचार्जर बसवलाय. विक्रेता ७०० हॉर्सपॉवर आणि ८५ मैल सांगतो. २२० तास, म्हणजे तास कमी चाललीय, किंमत ८४,००० डॉलर. कर्ज १५ वर्षांचं, ८.५ टक्क्यांनी, २० टक्के आधी भरून. हातात १५,००० डॉलर आहेत. कमी पडले तर पुण्यात आठ महिन्यांपूर्वी केलेली एनआरई ठेव (परदेशस्थ भारतीयांची मुदत ठेव) मोडू, ती आईवडिलांच्या आजारपणासाठी ठेवली आहे. घरखर्च, ४०१(के) म्हणजे निवृत्तीची बचत आणि मुलीच्या कॉलेजची बचत वजा जाता महिन्याला २,४०० डॉलर उरतात. दुसरी बोट घ्यावी का? आणि कर्ज बोटीचं घ्यावं, घरावर घ्यावं की ४०१(के) मधून?

उत्तर: नाही. पहिली घ्या, तीही तपासणीत पास झाली तरच.

बोट घेऊ नका असं सांगायला मी बसलेलो नाही. महिना २,४०० डॉलर खरोखर मोकळे असतील, तर ही हौस तुम्हाला परवडते. पण तुम्ही दोन्ही बोटींतला फरक १६,००० डॉलर धरलाय, आणि हिशेब तिथेच चुकलाय.

आधी वेगाचं बघू. पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीचा वेग हॉर्सपॉवरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, असा क्राउचच्या सूत्राचा ठोकताळा आहे. ७०० भागिले ५२५ म्हणजे १.३३, त्याचं वर्गमूळ १.१५. ७२ ला १.१५ ने गुणलं की ८३ येतात. विक्रेत्याचे ८५ कागदावरही बसत नाहीत. सुपरचार्जर आणि इंटरकूलरचं जादा वजन, वाऱ्याचा अडथळा आणि हॅवासूचा उन्हाळा लक्षात घेता ८० धरा. म्हणजे सगळा खटाटोप आठ मैलांसाठी.

उन्हाळ्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण विक्रेते इथेच बोलबच्चन करतात. हवा २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेली की तिची घनता सुमारे ६ टक्क्यांनी घटते. साधं इंजिन तेवढी ताकद गमावतं आणि विषय संपतो. सुपरचार्जर मात्र तीच तापलेली हवा दाबून आणखी तापवतो. इंटरकूलर तळ्याच्या पाण्याने ती थंड करतो, पण ऑगस्टमध्ये ते पाणीच कोमट असतं. मग नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून बसणारे ठोके) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इग्निशन मागे घेतो (ठिणगी उशिरा पाडतो), आणि ज्या ७०० चे पैसे मोजले त्यातले काही ऐन हंगामात मिळत नाहीत. ट्यूनिंग थंडीत केलेलं असेल आणि ईसीयूला मागे घ्यायला वाव ठेवला नसेल, तर पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात. नॉकिंग टाळायची पेट्रोलची क्षमता ऑक्टेनच्या आकड्यात सांगतात, आणि ॲरिझोनात पंपावरचं प्रीमियम पेट्रोल ९१ ऑक्टेनचं असतं. (पुण्यातल्या पंपावरच्या आकड्याशी याची तुलना करू नका. इथला आकडा दोन प्रकारच्या ऑक्टेनची सरासरी असतो, त्यामुळे इथलं ९१ तिथल्या साधारण ९५-९६ च्या बरोबरीचं.) नोव्हेंबर ते मार्च टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलचा दर्जा उतरतो. साधं इंजिन ते निभावून नेतं, बूस्टवर (सुपरचार्जरच्या जादा दाबावर) चालणारं नेईलच असं नाही.

उंचीवरच्या तळ्यात सुपरचार्जर फायद्याचा, हेही तुमच्या कानावर येईल. ते अर्धवट खरं आहे. पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर बाहेरच्या हवेचा दाब ठरावीक पटीत वाढवतो. बाहेर दाब कमी, तर आतही कमी. पुली बदलली तरच भरपाई होते. लेक पॉवेल पूर्ण भरलेलं असताना ३,७०० फुटांवर असतं, तिथे साधं इंजिन दहा-अकरा टक्के गमावतं. हॅवासू जेमतेम ४५० फुटांवर. तुमच्यासाठी हा मुद्दाच नाही.

आता पैसे. इंजिनाचं मोठं काम, म्हणजे व्हॉल्व्ह स्प्रिंगा, हेड, रिंगा, बेअरिंगं, साध्या इंजिनाला ५०० तासांनी आणि १४,००० डॉलरचं धरतो. सुपरचार्जरवाल्याला ३०० तासांनी आणि २४,००० चं. हे माझे नियोजनाचे आकडे आहेत. तुमचा मेकॅनिक वेगळे देईल तर त्याचे घाला, रीत तीच राहील. पहिल्या बोटीने ५०० पैकी ३१० तास वापरलेत, म्हणजे १४,००० पैकी सुमारे ८,७०० डॉलरचं आयुष्य खर्ची पडलंय. दुसरीने ३०० पैकी २२० वापरलेत, म्हणजे २४,००० पैकी १७,६००. ही झीज किमतीत मिळवली तर पहिली ७६,७०० ला पडते आणि दुसरी १,०१,६०० ला. फरक १६,००० चा नाही, २५,००० चा आहे. ‘तास कमी चाललीय’ हे दुसऱ्या बोटीचं कौतुक तुम्ही पत्रात केलंय. तास कमी आहेत, पण उरलेले त्याहून कमी आहेत.

वर्षाला ४५ तास चालवाल असं धरून पाच वर्षांचा जादा खर्च मांडतो. विकताना दुसरीवर १०,००० डॉलर जास्त तोटा, कारण मागाहून बदललेल्या इंजिनाला गिऱ्हाईक कमी असतं. व्याज ४,९०० जास्त. पेट्रोल तासाला सरासरी २४ ऐवजी ३० गॅलन, धक्क्यावरचा भाव ६ डॉलर धरला तर ८,१०० जास्त. विमा वर्षाला १,७०० ऐवजी २,९००, म्हणजे पाच वर्षांत ६,०००. इंजिनाच्या मोठ्या कामात १०,००० चा फरक. सुपरचार्जरचं तेल, पट्टा, बेअरिंग आणि इंटरकूलरची सफाई यांचे ३,०००. ड्राइव्हचे ६,०००. बेरीज ४८,००० डॉलर.

ड्राइव्हचे का? तुमच्या माहितीप्रमाणे दोन्ही बोटींना ब्राव्हो वन एक्सआर आहे. ५२५ शी त्याचं नीट जमतं. त्यावर ७०० चा टॉर्क टाकला, आणि शनिवारी दुपारी हॅवासूवर जी इतर बोटींच्या लाटांची खळबळ असते त्यात प्रोपेलर हवेत जाऊन पुन्हा पाण्यात रुतला, की धक्का थेट वरच्या गिअरच्या दात्यांवर बसतो.

हे ४८,००० पाच वर्षांच्या २२५ तासांना भागले तर तासाला २१३ डॉलर, आणि ते एक वेळ चालेल असं वाटतं. पण ताशी ४५-५० मैलांनी आरामात जाताना दोन्ही बोटींत तुम्हाला काहीच वेगळं मिळत नाही, तेव्हा बूस्ट जवळजवळ नसतोच. जादा ताकद हाताला लागते ती फुल थ्रॉटलला, आणि तसा वेळ एकूण वेळेच्या दहा टक्के, म्हणजे साडेबावीस तास. त्याला भागा: तासाला २,१०० डॉलरच्या वर. आठ मैलांनी भागायचं तर मैलाला ६,०००. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण मोल माहीत असून केलेली हौस वेगळी.

तुमच्या २,४०० मध्ये काय बसतं ते बघा. पहिली बोट: हप्ता ५३६ प्रमाणे वर्षाला ६,४३०, पेट्रोल ६,४८०, विमा १,७००, ठेवायची जागा ३,०००, नेहमीची देखभाल १,५००, आणि इंजिनाच्या कामासाठी बाजूला टाकायचे ३,३००. एकूण सुमारे २२,४००, म्हणजे महिन्याला १,८७०. दुसरीचा हप्ता ६६२ चा. तिचं मोठं काम ८० तासांवर, म्हणजे पावणेदोन वर्षांवर आलंय, त्यासाठीच वर्षाला १३,५०० टाकावे लागतील. तिची बेरीज ३८,७०० वर जाते, महिन्याला ३,२००. पहिली बसते. दुसरी बसत नाही, आणि कमी पडणारे ८०० बहुधा मुलीच्या कॉलेजच्या खात्यातून निघतील.

विम्याची चौकशी बोटीआधी करा. अनेक नेहमीच्या विमा कंपन्या ठरावीक वेगाच्या वरची किंवा इंजिन बदललेली बोट घेत नाहीत, आणि विम्याशिवाय बँक कर्ज देत नाही. अर्जात सुपरचार्जर लपवला तर क्लेम त्याच कारणाने फेटाळला जाऊ शकतो.

कर्जाबद्दल तुम्ही तीन पर्याय विचारलेत. घरावरचं कर्ज स्वस्त दिसतं, पण २०१८ पासून त्याच्या व्याजाची करसवलत पैसा घर घेण्या-बांधण्याला किंवा सुधारण्याला लागला तरच मिळते. शिवाय हौसेपायी घर गहाण पडतं. बोट ‘दुसरं घर’ दाखवायची असेल तर तिच्यात झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय लागते. तुमच्या बोटीत स्वयंपाकाची सोय नाही. ४०१(के) मधून कर्ज काढलं आणि नोकरी गेली, तर उरलेली रक्कम त्या वर्षीच्या रिटर्नच्या मुदतीपर्यंत भरावी लागते. नाहीतर ती काढलेली रक्कम धरून कर आणि साडेएकोणसाठच्या आत असाल तर सहसा वर १० टक्के दंड. चिप उद्योगात राहून हा धोका घेऊ नका. साधं बोटीचं कर्जच बरं.

पहिल्या बोटीची तपासणी मात्र कसून करून घ्या, दोनेक दिवस लागले तरी. इंजिन रात्रभर थंड असताना सुरू करा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत या. ईसीयूमधून कोणत्या आरपीएमवर किती तास चाललंय ते काढून घ्या, म्हणजे ३१० तास कसे गेले ते कळेल. आठही सिलिंडरांची लीकडाउन चाचणी (दाबाने भरलेली हवा किती गळते ते बघणं) करा: १० टक्क्यांच्या आत उत्तम, आणि एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फार वेगळा नको. हवा एक्झॉस्टमधून येते तर व्हॉल्व्ह, क्रँककेसच्या ब्रीदरमधून येते तर रिंगा, शेजारच्या सिलिंडरमधून येते तर हेड गॅस्केट. इंजिन ऑइलचा नमुना लॅबला पाठवा. ड्राइव्हचं तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, चुंबकावर चमचमते कण असतील तर गिअर झिजायला लागलेत. कोलोरॅडो नदीचं पाणी जड आहे, आणि २००७ पासून हॅवासूत क्वागा शिंपलेही आहेत. कूलरमधला क्षार आणि अडकलेले शिंपले बघायला सांगा. वर पाण्यावरची चाचणी: कंपनीने दिलेल्या रेंजच्या वरच्या टोकापर्यंत आरपीएम जातो का? जात नसेल तर प्रोपेलर चुकीचा किंवा इंजिन थकलेलं.

वेगाची खुमखुमी राहिलीच तर नीट बसवून घेतलेला, फिनिशिंग केलेला प्रोपेलर दीड-दोन हजारांत दोन-तीन मैल देऊ शकतो.

दुसरी बोट मनातून जातच नसेल तर ६६,००० च्या वर जाऊ नका, कारण झालेली १७,६०० ची झीज विक्रेत्यानेच सोसायला हवी. शिवाय पिस्टन, हेड गॅस्केट, कॅम, इंजेक्टर बदलल्याच्या पावत्या आणि इंटरकूलरची दाबचाचणी मागा. इंटरकूलर फुटका असला की पाणी थेट सिलिंडरमध्ये जातं, आणि पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. पावत्या नसतील तर भाव करत बसू नका.

एनआरई ठेवीला हात लावू नका. वर्ष पुरं व्हायच्या आत मोडली तर व्याज शून्य मिळतं. आणि पहिल्या बोटीचे २० टक्के १३,६०० होतात. तुमच्या १५,००० मधून ते भरून तपासणीला १,४०० उरतात. विसार देताना ‘तपासणी नापास झाल्यास पूर्ण रक्कम परत’ हे वाक्य लेखी घ्या, आणि बोटीची नोंदणी व ट्रेलरचं टायटल हे दोन वेगळे कागद असतात, दोन्हींवर कुणाचं कर्ज बाकी नाही ना ते पैसे देण्याआधी बघा.